तांब्याची कळशी आणि सातवा अध्याय

जेवायला बसलं की आई कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोट लावून क्रूसाची खूण करी आणि घास घेई. बाबा डोळे मिटून प्रार्थना करीत. त्यांची प्रार्थना बादशहापासून शेजारच्या आजारी म्हशीपर्यंत सगळ्यांना भेटून मग परत आमच्या पानांवर येई. त्यामुळे आईचा भात नेहमी गरम आणि बाबांचा नेहमी गार. रूथताई आणि मी खूणही करायचो आणि डोळेही मिटायचो, पण एक डोळा अर्धवट उघडा ठेवून, कारण आमचं मांजर कुठल्याच मंडळीचं नव्हतं आणि बोंबलाच्या तुकडीवर त्याची नजर असे.

आई उरणची, जुन्या कॅथलिक घरातली. बाबा इकडचे, थळच्या अलीकडच्या आमच्या वाडीतल्या मिशनच्या मंडळीतले. ते सुतार होते. प्रार्थनामंदिरातले सगळे बाक त्यांच्या हातचे. या दोघांचं लग्न जमलं कसं आणि त्यावरून तिकडे उरणला काय रामायण झालं, ते मला कधीच नीट कळलं नाही. तो विषय निघाला की आई चुलीत फुंकर घालायला लागे, आणि चूल तर पेटलेलीच असे. लग्नानंतर ती बाबांबरोबर मंदिरात जाऊ लागली, मराठी गीतं म्हणू लागली, पण जपमाळ तिने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. तांदूळ घेताना तिचा हात डब्यात जरा जास्त वेळ राही. बाबांना ते माहीत होतं. ते म्हणत, "रोजा, भात आज फार पवित्र लागतोय हं."

शुक्रवारी मटण खायचं नाही, ही आईची रीत. बाबा म्हणत, शास्त्रात असं कुठेच सांगितलेलं नाही. पण आमच्याकडे मटण वर्षातून दोनदा व्हायचं, आणि समुद्र पायरीशी, त्यामुळे हा वाद फार तापत नसे. उन्हाळ्यात आई तिच्या माहेरचा मसाला करी. मिरच्या आणि तीस-एक जिन्नस अंगणात वाळायचे, मग एकेक भाजायचा, मग उखळात कुटायचा. वाडीतल्या बायका शिंकत शिंकत मदतीला यायच्या. तो मसाला गडद बाटल्यांत दाबून भरायचा, वर्षभर पुरायचा. बाबा त्यावर कधी म्हणाले नाहीत की हा कुठल्या अध्यायात आहे. चांगल्या कालवणाला दाखला लागत नाही, असं मी आता म्हणते. तेव्हा मी काहीच म्हणत नसे. मी फार लाजरी होते. पाहुणे आले की कणगीमागे जायची, आणि लोक मला तिथे बघून "मार्था कुठे आहे?" असं मुद्दाम विचारायचे.

आता त्या कळशीचं सांगते. आईने उरणहून एक तांब्याची कळशी आणली होती. तिच्या आईची, तिच्याही आईची. काठाला एका बाजूला पोचा होता. आईकडच्या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी पाचजणी वाजतगाजत विहिरीवर जातात, उंबराची डहाळी घालून पाणी भरतात, गाणी म्हणत घरी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. विहिरीत चिमूटभर तांदूळ टाकायचे असतात. ते पाणी आईच्या घरात पिढ्यान् पिढ्या याच कळशीतून आलेलं. आई त्यातून न्हाली, मावश्या न्हाल्या. पण माझा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी बाबा नव्या उत्साहात होते. मंदिरात बाप्तिस्म्याच्या पाण्याला चांगलं भांडं नाही म्हणून त्यांनी आईला न विचारता कळशी देवाला देऊन टाकली, आणि वर तिच्यासाठी तीन पायांची घडवंची करून दिली.  दर रविवारी आई तिसऱ्या बाकावर बसून उपदेशाच्या वेळी त्या कळशीकडे बघत बसे. नाताळाआधी कळशी घासायचं काम मात्र तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. चिंच आणि राख घेऊन ती मंदिराच्या पायरीवर बसे आणि पोचा असलेली बाजू सगळ्यात शेवटी, अगदी हलक्या हाताने घाशी.

मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. शाळेत एकच मास्तर, तेच मंडळीचे वडील, आणि पाळक अलिबागहून महिन्यातून एकदा येत म्हणून बाकीचे तीन रविवार उपासनाही तेच चालवत. उंच, पागोटंवाले, आवाज भरदार. मनाने वाईट नव्हते, पण खडूसारखे सरळ आणि खडूसारखेच कडक. त्यांचा एक नियम होता. वाचायला उभं केलं की त्यांनी "बस" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. धडा संपला तर पुढचा सुरू करायचा. एकदा ते खिडकीबाहेर कुणाशी तरी बोलण्यात गुंतले आणि मी तीन धडे वाचून पाठीमागची शब्दांची यादीही वाचून काढली. मला ते बरंच होतं. स्वतःचं काही बोलायला माझी जीभ टाळ्याला चिकटे, पण छापलेलं वाचायचं असलं की आवाज आपोआप येई. जणू बोलणारी मी नव्हेच.

बाबा तापाने गेले तेव्हा माझी चौथी नुकतीच संपली होती. पुढची शाळा अलिबागला, म्हणून मी घरीच राहिले. दोन वर्षांनी रूथताईसाठी मागणी आली, ती खुद्द मास्तरांच्या घरातून. त्यांचा मुलगा शमुवेल अलिबागच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. त्याची नखं काळी आणि दात पांढरे. ताईला तो आवडला होता हे मला कुणी सांगायला नको होतं. तो रस्त्याने गेला की ती विनाकारण झाडू मारायला बाहेर येई. आमचं अंगण त्या दिवसांत वाडीत सगळ्यात स्वच्छ होतं.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना आई पदर सारखा करून मास्तरांकडे गेली. मला बरोबर नेलं. तिने सांगितलं की पाणी आणायला दोन दिवस कळशी हवी, मग घासूनपुसून परत देईन.

मास्तरांनी चष्मा काढला. "रोजाबाई, दोन गोष्टी आहेत. एक, ही पाणी आणायची चाल शास्त्रात नाही. माणसांनी केलेली आहे. उद्या म्हणाल, विहिरीत तांदूळ टाकू."

"टाकतातच," आई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"बघा! आणि दुसरं, कळशी देवाला दिलेली आहे. देवाला दिलेलं माणसाच्या कामाला परत येत नाही."

"देवाचा काय अडलंय मास्तर दोन दिवस? बाप्तिस्मा तर कोनाचा न्हाय."

"अडण्याचा प्रश्न नाही. नियमाचा आहे. हे पाणी आणलंत तर मंदिरात लग्न लावायला मी उभा राहणार नाही, आणि पाळकांनाही कळवीन."

आई उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "मंग मीबी सांगतंय. पान्याबिगर माजी पोर नवरी व्हनार न्हाय."

घरी येऊन तिने उखळात काहीच नसताना दोनदा मुसळ आपटलं. रूथताई आतल्या खोलीत तोंडात पदर घालून रडली. झाडू कोपऱ्यातच राहिला. शमुवेल बापापुढे बोलेल असा नव्हता. तो एकदा कुंपणापर्यंत आला, मला एक पेरू दिला, "ताईला" म्हणाला आणि गेला. दोघंही मोठी माणसं सरळ मनाची, दोघंही देवाला भिणारी, आणि मधे माझी ताई वाळत घातलेल्या जाळ्यासारखी लोंबकळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. "बाय, तुज्या बापाच्या पुस्तकात बघ ना. एवरा जाडा पुस्तक. कुटंतरी विहिरीचा, पान्याचा काय असंल."

मी आठ दुपारी माडाखाली बसून शोधलं. पाणी पुष्कळ सापडलं. रिबेका विहिरीवर घागर घेऊन आलेली सापडली आणि तिचं लग्न तिथेच ठरलं. काना गावच्या लग्नात दगडाचे सहा रांजण पाण्याने काठोकाठ भरलेले सापडले. मी त्या पानात माडाच्या हिराचा तुकडा खूण म्हणून घातला. आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "हेच! हेच तू मास्तरला बोल." मी मान हलवली. पण मास्तरांपुढे तोंड उघडायचं या नुसत्या विचाराने मी कणगीमागे जाऊन बसले.

आईने उरणला निरोप पाठवला आणि इनास मामा आला. करंज्याहून तरीने रेवसला, तिथून बैलगाडीने. येताना सुक्या कोलंबीची पिशवी, ताडीचं मडकं आणि भांडायची पूर्ण तयारी घेऊन. रविवारी उपासना झाल्यावर मास्तर आणि शमुवेल आमच्या ओटीवर आले. आईने फुगे तळले होते. पिठाचे ते गोल गोळे तेलात टम्म फुगतात म्हणून त्यांना फुगे म्हणायचं. मास्तरांना ते फार आवडत, पण त्या दिवशी त्यांनी ताटाकडे बघितलं नाही. मामाने बघितलं.

"मास्तर," मामा दुसरा फुगा मोडत म्हणाला, "तुमी बोलता, शास्त्रात नाय ते करायचा नाय. मंग डोक्यावरचा पागोटा कनच्या अध्यायात हाय?"

"पागोटं उन्हासाठी आहे."

"आन् पानी अंगोलीसाठी हाय!"

शमुवेलने हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं. मास्तर तांबडे झाले. "इनासराव, थट्टा नको. प्रभूने स्वतः यावर काय सांगितलं आहे ते ऐका. मार्था, बाबांचं पुस्तक आण. मार्क, सातवा अध्याय. वाच."

मी पुस्तक आणलं. हिराचा तुकडा काना गावच्या पानातून बाहेर डोकावत होता. आई माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मास्तर, आधी हे वाचू का? तेवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी सातवा अध्याय काढला, शाळेत उभी राहायची तशी उभी राहिले आणि सुरू केलं.

त्यात आहे ते असं. मोठे मोठे शास्त्री प्रभूला विचारतात की तुझे शिष्य वाडवडिलांची रीत मोडून हात न धुता का जेवतात. ते लोक पेले, घागरी, तांब्याची भांडी धुण्याच्या पुष्कळ रीती पाळत असत, असंही लिहिलं आहे. तांब्याची भांडी आली तेव्हा आईने दचकून मान वर केली. मग प्रभू त्यांना फटकारतो की तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांच्या चाली घट्ट धरून बसलात.

"ऐकलंत?" मास्तर मामाकडे वळले. "माणसांच्या चाली! हे मी म्हणत नाही." मामा काहीतरी म्हणाला, मास्तर त्याला उत्तर देऊ लागले, दोघांचे आवाज चढले. आईने मान खाली घातली. दाराआडून ताईचा हुंदका आला.

मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी पुढे वाचत राहिले.

पुढे प्रभू त्या शास्त्र्यांना म्हणतो की आईबापांचा मान राख अशी आज्ञा आहे. पण तुम्ही काय करता? एखादा माणूस आईला किंवा बापाला म्हणतो की माझ्याकडून तुला जे मिळायचं होतं ते मी देवाला अर्पण करून टाकलं आहे. आणि मग तुम्ही त्याला आईबापांसाठी काहीही करू देत नाही. असं करून तुम्ही देवाचंच वचन रद्द करता.

दोघंही भांडायचे थांबून माझ्याकडे वळले. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मी घाबरून आणखी स्पष्ट वाचायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, शमुवेल पहिल्यांदाच मान वर करून बापाकडे बघत होता. मास्तरांच्या ओठांची हालचाल होत होती, पण आवाज नव्हता. त्यांना तो अध्याय पाठ असणार. फक्त ते नेहमी आठव्या ओवीशी थांबत असणार. मी वाचत असतानाच ते उठले, वहाणा घातल्या आणि ओटी उतरून गेले.

"गेला राग धरून," मामा पुटपुटला. आईने कपाळाला हात लावला. मला थांबायचं होतं, पण मास्तर बस न म्हणताच गेले होते, आणि अशा वेळी काय करायचं ते त्यांनी शाळेत शिकवलं नव्हतं. मी वाचत राहिले. माणसाला बाहेरून आत जाणारं विटाळत नाही, आतून बाहेर येणारं विटाळतं, ते वाचलं. मग ती परदेशी बाई आली, जी म्हणते की मुलांच्या हातून पडलेला चुरा मेजाखालची कुत्रीही खातात. तिथवर आले तेव्हा अंगणात पावलं वाजली. मंदिर आमच्या घरापासून चिंचेच्या दोन झाडांपलीकडेच होतं.

मास्तरांच्या दोन्ही हातांत कळशी होती. आतलं पाणी ओतून दिलेलं, धोतराचा सोगा भिजलेला. त्यांनी ती आईसमोर ठेवली, पोचा आईच्या बाजूला करून.

"रोजाबाई," ते म्हणाले, "चाल शास्त्रात नाही, हे माझं अजून म्हणणं आहे. पण ही कळशी तुमची होती आणि तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. ते शास्त्रात आहे."

आईने कळशीला हात लावला नाही. आधी पदराच्या टोकाने डोळे पुसले. मग म्हणाली, "मास्तर, फुगे गार झाले. दुसरं तलतंय."

ते बसले आणि पाच फुगे खाल्ले. मामाने मोजले होते. मी तेव्हा बहिऱ्याचे कान उघडल्याचं वाचत होते. अध्याय पूर्ण संपवला, पुस्तक मिटलं आणि कणगीमागे गेले.

त्या संध्याकाळी आई चिंच घेऊन कळशी घासायला बसली. घासता घासता ताईला म्हणाली, "ते पयला पयला भांड्यांचा वाचला ना मार्थाने, ते आपल्यालाच लागतंय गो. कलशी नसती आली तरी मी लगीन मोरला नसता. मातीच्या मरक्यात गुपचूप पानी आनला असता."

"मग आधी का नाही सांगितलंस?" ताई ओरडलीच. "इतके दिवस माझा जीव टांगणीला!"

"आदी सांगितला असता तर कलशी आली असती?"

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर पाचजणी निघाल्या. पुढे मामाचे दोन सनईवाले, एक जरा बेसूर. मास्तर आले नाहीत असं आम्हाला वाटलं, पण विहिरीजवळ पोचलो तर ते चिंचेखाली पाठीमागे हात बांधून उभे. ना आत, ना बाहेर. आईने डहाळी घातली, पाणी ओढलं, कळशी भरली. तिच्या डाव्या मुठीत तांदूळ होते, मला माहीत होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं, विहिरीत पाहिलं, आणि मूठ काठावरच्या दगडावर उघडली. विहिरीतही नाही आणि परत पदरातही नाही. चिमण्या टपलेल्याच होत्या. मग तिने "हे आमच्या बापा" सुरू केलं, आम्ही सगळ्यांनी म्हटलं, आणि शेवटचं "आमेन" चिंचेखालून भरदार आवाजात आलं. त्या पाण्याने ताई न्हाली. लग्न मंदिरातच लागलं, मास्तर पुढे उभे होते. पुढच्या रविवारी आईने कळशी स्वतः नेऊन घडवंचीवर ठेवली. या वेळी तिने दिली होती. उपदेशाच्या वेळी ती कळशीकडे बघायची थांबली आणि झोपायला लागली.

लोक पुढे बरीच वर्षं सांगत, त्या लाजऱ्या मार्थाने मास्तरांना कसं भर ओटीवर शास्त्र सुनावलं. देवाने पोरीला धीर दिला, असं म्हणत. मी कधी खोडलं नाही, कारण खोडायलाही बोलावंच लागलं असतं. खरं हे की माझ्याकडे उत्तर होतं, खूण घालून काखेत होतं, आणि ते उघडायची मला हिंमत झाली नाही. मी वाचत राहिले ते भीतीने. हे आज या वहीत लिहिते आहे, ती माझ्या नातवाच्या शाळेची उरलेली वही आहे, आणि ती कुणी वाचू नये अशीच इच्छा आहे.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, घरोघर नळ आहेत. आमचे आताचे पाळक तरुण आहेत, चांगले आहेत. ते वचन वाचतात आणि त्यांचा मुद्दा सिद्ध झाला की पुस्तक मिटतात. मी तिसऱ्या बाकावर असते. माझं बोट मात्र ओळीवरून पुढे सरकतच राहतं, ओठ हलत राहतात. शेजारच्या सूनबाईंना वाटतं, म्हातारी अजून प्रार्थना करते आहे. मास्तरांना जाऊन किती वर्षं झाली. त्या दिवशी त्यांनी मला बस म्हटलंच नाही.